खानदेशावर राज्य कुणाचं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगावहून पाटणादेवीला किंवा पितळखोऱ्याला पाहुणे घेऊन निघालं, की गाडी शहराबाहेर पडायच्या आत पहिला प्रश्न येतो: "इथे कुणाचं राज्य होतं हो?" त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. दिलं तर ते चुकतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, साधारण ज्या क्रमाने ते गाडीत येतात त्याच क्रमाने.

खानदेश म्हणजे नेमका कुठला मुलूख?

आजच्या हिशेबाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं, पण इतिहासात ते खानदेशचंच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर, गोमाई या सगळ्या तिलाच मिळतात.

जिल्ह्याच्या रेघा इंग्रजांनी आणि आपण आखल्या. अजिंठा, पितळखोरं आणि नागद आज संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीलाच मिळते. जुन्या राजांना घाट आणि नदी कळत होती, तहसील नव्हे. म्हणून पुढे ही ठिकाणं येतील तेव्हा "ते तर मराठवाड्यात" म्हणून थांबवू नका.

खानदेश हे नाव प्राचीन आहे का?

नाही. हे नाव इथे पुढे राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या काळातलं, म्हणजे चौदाव्या शतकानंतरचं. त्यांना मिळालेल्या 'खान' या किताबावरून ते आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, ही व्युत्पत्ती आपल्याकडे लाडकी आहे, कानबाईच्या रोटांच्या वेळी हमखास कुणीतरी ती सांगतं. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर मुलाच्या, दानियालच्या नावावरून या मुलखाला 'दानदेश' केलं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

प्राचीन नाव बहुधा 'ऋषिक'. प्राकृतात 'असिक'. प्राचीन लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ऋषिक म्हणजे खानदेश असं मांडलं आणि या पानावर मी तेच धरून चाललो आहे.

इथल्या माणसाची सर्वांत जुनी खूण कोणती?

शहामृगाच्या अंड्याचं कवच. हसू नका. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शं. अ. साळी यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केलं. त्यात सुमारे 25,000 वर्षांपूर्वीच्या थरातून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले. एका तुकड्यावर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरलेल्या आहेत, हातरुमालाच्या काठावर असते तशी जाळी. तेव्हा इथे शहामृग होते आणि हातात टोकदार दगड घेऊन निवांत नक्षी काढत बसलेला माणूसही होता.

पहिली शेती, पहिली गावं कधीची?

सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची. तापीकाठच्या सावळदा गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं आहे, 'सावळदा संस्कृती'. तिच्या भांड्यांवर बाणाची टोकं, गळ अशी हत्यारं रंगवलेली असतात. नदीकाठचा मासेमार काय रंगवणार? साक्री तालुक्यातलं कावठे याच काळातलं.

पण एकाच ठिकाणी सगळा इतिहास पाहायचा तर प्रकाशे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव आपण दक्षिणकाशी म्हणून ओळखतो. तिथल्या पांढरीच्या टेकाडात बा. कृ. थापर यांनी 1954-55 मध्ये खणलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळ, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर आणि त्यावर ऐतिहासिक काळाचे थर, असे एकावर एक मिळाले. गिरणेकाठचं बहाळ तसंच, आणि त्याच्या समोरच्या तीरावर टेकवाड्याला त्या लोकांची दफनं. नदीच्या अलीकडे घरं, पलीकडे पुरलेले पूर्वज.

गावाच्या उंचवट्याला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षांची राख, चुना आणि पडक्या भिंतींची माती तिच्यात मिसळलेली असते.

मौर्यांचं राज्य इथे होतं का?

होतं असं धरायला हरकत नाही. अशोकाचे लेख खाली नालासोपाऱ्याला आहेत आणि उत्तरेकडून तिथवर पोचायला हा टापू लागतो. पण खुद्द खानदेशात अशोकाचा लेख मिळालेला नाही.

गंमत अशी, की खानदेशात 'मौर्य' नाव कोरलेला लेख आहे, फक्त तो अशोकानंतर तेराशे वर्षांनी कोरलेला. चाळीसगावजवळच्या वाघळीला शके 991 चा, म्हणजे 1069 चा लेख आहे. त्यात मौर्य घराण्यातला गोविंदराज नावाचा सामंत शिवमंदिराला दान देतो आणि आपलं कूळ सौराष्ट्रातल्या वलभीकडून आल्याचं सांगतो. त्याचा धनी होता यादव राजा सेउणचंद्र दुसरा. साम्राज्य बुडून हजार वर्षं झाली तरी नाव चालू होतं.

सातवाहनांचा पुरावा काय?

दोन आहेत. एक नाशिकच्या पांडवलेण्यांत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात लेख कोरवला. मुलाच्या ताब्यातल्या देशांची यादी ती देते: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंती. यादीत असिकाचा नंबर पहिला. गेलेल्या मुलाचा पराक्रम मोजताना आईने आपल्या मुलखापासून सुरुवात केली, याचं खानदेशी माणसाला कौतुक वाटणारच, मला वाटतं.

दुसरा पुरावा पितळखोरं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही लेणी कन्नडच्या घाटमाथ्यावर आहेत, खाली चाळीसगावचं खोरं. पायऱ्या उतरून चौथ्या लेण्याशी गेलात की जोत्यावर हत्तींची रांग आणि दाराशी भालेदार पहारेकरी. पण मला हत्तींपेक्षा तिथली नावं आवडतात. एक दाता आहे 'राजवेज' मगिल. राजवेज म्हणजे राजवैद्य, त्याच्या मुला-मुलीचीही नावं आहेत. दुसरा पैठणचा गंधिक, अत्तर-सुगंधाचा व्यापारी. आणि एका बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर लिहिलं आहे, की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने दगड कोरला! बारीक काम बघितलं की पटतं.

पैठणचा सुगंधवाला इतक्या आडरानात कशाला आला?

तेव्हा ते आडरान नव्हतं, हमरस्ता होता. पैठणहून उत्तरेला नर्मदेकाठच्या माहिष्मतीकडे आणि उज्जैनकडे जाणारी वाट याच घाटातून खाली उतरून गिरणा आणि तापी ओलांडत असे. पाली ग्रंथ सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला निघतात, त्यांचे मुक्काम पैठण, माहिष्मती, उज्जैन असे आहेत. मधलं सगळं अंतर म्हणजे आपला खानदेश. मजकुरात त्याचं नाव नाही. मुक्कामांची नावं लिहितात, वाटेची कोण लिहितं?

क्षत्रप कोण? त्यांचा आपला काय संबंध?

शक वंशाचे राज्यकर्ते. त्यांच्यातल्या क्षहरात घराण्याच्या नहपानाने सातवाहनांकडून हा पट्टा हिसकावला आणि गौतमीपुत्राने तो परत घेतला. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळवण्याएवढाही धीर नव्हता.

पण आपल्यासाठी खरा माणूस नहपानाचा जावई, उषवदात. नाशिकच्या लेखात तो आपली पुण्यकृत्यं मोजतो. त्यात एक असं: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावेची सोय केली. तापीवर मोफत होडी! सुमारे 1,900 वर्षांपूर्वी. पूल नसलेल्या तापीच्या काठी ज्याने पावसाळ्यात नावाड्याशी भाड्यावरून हुज्जत घातली असेल, त्याला या दानाची किंमत कळेल.

अहिराणी आभीरांची भाषा का?

नाव तिथूनच आलं, असं बहुतेक जाणकार मानतात: आभीर, अहीर, अहिराणी. तिसऱ्या शतकात सातवाहन मावळल्यावर उत्तर महाराष्ट्रात आभीरांचं राज्य आलं. राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख नाशिकला आहे. त्यात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली वगैरेंच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव ठेवल्याचं लिहिलं आहे. इसवी सन 248-49 ला सुरू झालेला कलचुरी-चेदी संवत हाही आभीरांनीच सुरू केला, असं पुष्कळांचं मत.

पण ईश्वरसेन घरी अहिराणी बोलत होता असं मात्र कुणी समजू नये. त्याचा लेख त्या काळच्या संस्कृत-प्राकृत वळणाचा आहे. अहिराणीतले "माय" आणि "शे" त्यात शोधून मिळत नाहीत.

गुप्त सम्राटांची सत्ता इथवर होती का?

या प्रश्नावर जरा बसू, कारण इतिहास कसा उलटतो ते इथे दिसतं.

शिरपूरला एक ताम्रपट मिळाला होता. महाराज रुद्रदास नावाच्या राजाचा, वर्ष 117. ताम्रपटात संवताचं नाव नाही, नुसता आकडा. आता 117 कशाचे? कलचुरी संवत धरला तर 366 च्या आसपास. गुप्त संवत धरला तर 436 च्या आसपास. सत्तर वर्षांचा फरक, आणि त्या सत्तर वर्षांत अख्खं राजकारण बदलतं. मिराशींनी कलचुरी संवत धरला. या राजांची राजधानी 'वल्ख' म्हणजे आपली वाघळीच, असंही मांडलं. त्यामुळे हे घराणं खानदेशचं ठरलं आणि आपण सगळे खूश.

मग 1982 मध्ये मध्य प्रदेशात बाघजवळ याच राजांचे 27 ताम्रपट एकदम सापडले. वल्ख नर्मदेच्या बाजूला, बाघच्या परिसरात सरकलं. आणि हे राजे स्वतःला 'परमभट्टारकपादानुध्यात' म्हणवतात, म्हणजे वर कुणीतरी सम्राट आहे. तो गुप्त सम्राट असं आता बहुतेक अभ्यासक धरतात. मिराशींसारखा माणूसही नव्या पुराव्यापुढे मागे सरतो. तेव्हा गावातल्या कुणी "आमच्याकडे गुप्तांचं राज्य होतं" म्हटलं तर उत्तर असं: शिरपूरच्या बाजूला, पाचव्या शतकात, सामंताच्या मार्फत, बहुधा होतं.

अजिंठा वाकाटकांनी कोरला ना? मग खानदेशचा काय वाटा?

मोठा. हरिषेण वाकाटक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म, म्हणजे वाशीमला राज्य करत होता. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवलं. पण सतरावं, ज्यातली चित्रं बघून माणूस मान वर करून उभाच राहतो, ते एका स्थानिक राजाचं आहे. त्याचं घराणं ऋषिक देशाचं, असं मिराशींचं मत.

त्या लेण्याच्या ओसरीत बाहेरच्या भिंतीवर लेख आहे. झिजलाय, बराच गेलाय. धृतराष्ट्रापासून सुरू होऊन पिढ्यांची यादी, मग कृष्णदास, मग त्याचे दोन मुलगे. दोघा भावांनी मिळून अश्मक वगैरे जिंकले. धाकट्याचं नाव रविसांब. तो अकाली गेला. मोठा भाऊ त्यातून सावरला नाही, सगळं अनित्य आहे म्हणत दानधर्माकडे वळला आणि हा 'मंडपरत्न' त्याने कोरवला. लेखात वरच्या सम्राटाचाही मान राखला आहे: प्रजेचं हित करणारा, राजांमधला चंद्र हरिषेण पृथ्वी पाळत असताना हे झालं.

पुस्तकात 'वाकाटक काळ' एवढंच छापतात. पैसा, दुःख आणि हौस सामंताची होती.

त्यानंतर चालुक्य आणि राष्ट्रकूट, बरोबर?

मधे माहिष्मतीचे कलचुरी आहेत. त्यांच्या कृष्णराजाची चांदीची नाणी तो गेल्यावरही दीडशे वर्षं व्यवहारात होती. मग बदामीचे चालुक्य. पुलकेशी दुसऱ्याच्या ऐहोळेच्या लेखात, 634 सालच्या, 99,000 गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा उल्लेख येतो.

खानदेशात प्रत्यक्ष कारभार सेंद्रक नावाच्या घराण्याकडे. यांचे ताम्रपट आपल्या ओळखीच्या गावांत मिळालेत: साक्री तालुक्यातलं कासारे, नागद, आणि चाळीसगाव तालुक्यातलं मुंदखेडे. कासाऱ्याचा ताम्रपट कलचुरी वर्ष 404 चा, म्हणजे 653 चा. नागदचा शके 577 चा, म्हणजे 655 चा. राजा एकच, अल्लशक्ती, आणि दोन वर्षांत दोन संवत वापरतो. तापीच्या बाजूला जुना हिशेब चालू, घाटाकडे दक्षिणेतला शक आला. आपल्याकडे आजही घरात तिथी आणि ऑफिसात तारीख चालते, तसंच काहीसं असावं.

राष्ट्रकूटांचा शके 701 चा, म्हणजे 779 चा एक ताम्रपट धुळ्याच्या नावाने ओळखला जातो. त्या काळाबद्दल इथे एवढंच.

ताम्रपटावरचं वर्ष आपल्या सनात कसं काढायचं?

शकात 78 मिळवा, कलचुरी संवतात साधारण 248-49, गुप्त संवतात 319-20. महिना वर्षाच्या शेवटचा असेल तर एकाने फरक पडतो. संवताचं नाव नसेल तर शिरपूरचा रुद्रदास आठवा आणि घाई करू नका.

पाटण्याचा शिलालेख इतका प्रसिद्ध का?

त्यात गणित आहे, राजा आहे आणि तेलाचा घाणाही आहे.

यादवांच्या हाताखाली पाटण्याला निकुंभ घराणं राज्य करत होतं. तिथलं महेश्वराचं देऊळ शके 1075, म्हणजे 1153 सालचं. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, 1206-07 च्या सुमारास, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. निकुंभ राजा सोइदेव याने मठाला दान दिलं, पुढे त्याचा भाऊ हेमाडीदेव यानेही. हा लेख 1865 च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, अगदी भारदस्त. पण शेवटी दानाचा खरा हिशेब येतो तेव्हा भाषा एकदम मराठी होते. या पाटणात जो माल विकायला निघेल त्यावर राउळाला, म्हणजे राजाला, जे मिळायचं ते मठाला 'दीन्हला', म्हणजे दिलं. गिऱ्हाईकाकडून अमुक, सुपारी इतकी. आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल. पंडिताला वंशावळ संस्कृतात चालते. तेल्याला मात्र किती पळ्या ते त्याच्या भाषेत सांगावं लागतं, नाहीतर उद्या तो म्हणेल, मला कळलंच नव्हतं!

आणि तो 'दीन्हला' कानाला ओळखीचा वाटला का? पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो. आमच्या गाडीचा ड्रायव्हर लगेच म्हणाला, "आम्ही 'दिन्हं' म्हनतसच ना!"

मग भास्कराचार्य खानदेशचे का?

ते स्वतः आपलं गाव विज्जलविड, सह्याद्रीजवळ, असं सांगतात. जन्म शके 1036, म्हणजे 1114. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी 36 व्या वर्षी लिहिला. विज्जलविड म्हणजे पाटण्याचाच परिसर असं इकडचे लोक ठामपणे म्हणतात, कर्नाटकातले विजापूर म्हणतात. नातवाचा मठ इथे होता हे दगडावर लिहिलेलं आहे. आजोबांचं घर इथे होतं हे दगडावर नाही. चाळीसगावात हे वाक्य जरा हळू आवाजात बोलावं.

खानदेशात कुठल्या सम्राटाची राजधानी का झाली नाही?

माझं मत सांगतो. पैठण, वाशीम, बदामी, मान्यखेट, देवगिरी ही सगळी खानदेशाच्या बाहेर. आपल्याकडे होते घाट, उतार आणि बाजार. ते ज्याच्या हातात त्याला जकात मिळे. त्यासाठी सम्राटाला इथे राहायची गरज नव्हती, विश्वासू सामंत बसवला की काम भागत असे. म्हणून आपल्या ताम्रपटांत सेंद्रक, निकुंभ, वाघळीचे मौर्य अशीच नावं भेटतात. वरचा धनी बदलला की लेखाची पहिली ओळ बदलायची. पुढे राजधानी आली ती फारुकींच्या वेळी, थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर. पण तो प्राचीन काळ नव्हे.

आमच्या गावचं देऊळ हेमाडपंती आहे. म्हणजे हेमाद्रीने बांधलं?

बहुधा नाही. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री. वाघळीचं देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची देवळंही त्याच्या आधीची. चुना न वापरता दगडात दगड बसवून बांधलेल्या देवळाला 'हेमाडपंती' म्हणायची आपल्याकडे रीत पडली आहे, एवढंच. त्याहून जुनं आणि अवघड काही दिसलं तर मग ते 'पांडवांनी एका रात्रीत' बांधलेलं असतं.

शेतात नांगरताना नाणी किंवा ताम्रपट मिळाला तर काय करायचं?

आधी घासू नका. चिंच आणि राख लावून ताम्रपट लख्ख करण्याची हौस अनेकांना असते, त्यात बारीक अक्षरं जातात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हे लेखी कळवून पोच घ्या, आणि वस्तू सरकारी तिजोरीत जमा करा किंवा ती हजर करण्याची हमी जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिथे मिळालं त्या जागेचा फोटो काढून ठेवा, कारण वस्तूइतकीच ती जागा महत्त्वाची असते.

एका देवळात मी स्वतः पाहिलं, जीर्णोद्धाराच्या उत्साहात शिलालेखावर ऑइलपेंटचे दोन हात चढले होते, वर शेंदरी बॉर्डर. पुजारीबाबांना विचारलं तर म्हणाले, "तठे काही खरडेल व्हतं, चांगलं दिसे ना."

एका दिवसात काय बघता येईल?

चाळीसगावहून सकाळी लवकर पितळखोरं, उन्हाच्या आत. पायऱ्या बऱ्याच आहेत, पावसाळ्यात शेवाळ धरतं, चप्पल चालणार नाही. दुपारी खाली उतरून पाटणादेवी आणि महेश्वराचं देऊळ. संध्याकाळी वेळ उरला तर वाघळी. प्रकाशे आणि बळसाणे वेगळ्या दिवसाचं काम. धुळ्याला गेलात तर 1927 साली स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ चुकवू नका. जेवण पाटण्याला मिळेलच असं नाही, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या.